डब्याच्या तळाशी

पहिल्या दिवशी मी यंत्राला एवढंच लिहिलं:
सार्डिनच्या डब्यासाठी छान मजकूर दे.
त्यानं दिला.
अथांग सागराची अनमोल भेट,
परंपरेचा स्वाद, घासाघासात लाटांचं गाणं.
वाचून भूक लागली नाही,
झोप आली.

मातोझिन्योशच्या बंदराकडे तोंड करून
आमचं ऑफिस आहे, कारखान्याच्या माडीवर.
खिडकी उघडी ठेवली तर मासळीचा वास,
बंद केली तर अबिलिओसाहेबांच्या सिगारचा.
ते म्हणाले, यंत्राचे महिन्याला पैसे मोजतोय,
राबव त्याला.

मग मी लांबलचक प्रॉम्प्ट लिहिला.
आकर्षक, लिहिलं. वेगळं, लिहिलं. मनाला भिडणारं.
विशेषणांची पिशवी रिकामी केली.
त्यानं ती तशीच भरून परत केली,
आणि वर एक आजी फुकट दिली:
आजीच्या हातची गुप्त पाककृती.

आमच्याकडे आजी नव्हतीच.
मिरचीचं प्रमाण एका मुकादमाच्या चुकीनं ठरलं,
चौऱ्याहत्तर साली, घाईगर्दीत,
आणि नेमका तोच माल आधी संपला.
मी लिहिलं: आजी नको.
त्यानं दिलगिरी व्यक्त केली
आणि पणजी आणली.

आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?
पोहऱ्याला काय बोल लावायचा.
आड मीच, आणि कोरडा.

जेवणाच्या सुट्टीत खाली गेले.
देओलिंदा एकतीस वर्षं माशांची डोकी कापते,
बोलतानाही कात्री थांबत नाही.
विचारलं, हे खातं कोण गं?
तूच सांग, म्हणाली, वर तू बसतेस.
मग म्हणाली, माझी पुतणी माल्मोला नर्स आहे.
रात्रपाळीहून येते, दिवा लावत नाही,
कोट अंगातच, ओट्याशी उभ्यानं
डब्यातूनच काट्यानं खाते.
तेल पावानं पुसून घेते. झोपते.
तिला सांगून ठेवलंय, कपाटातला डबा
मधूनमधून उलटा करत जा,
वरच्या माशालाही तेल मिळालं पाहिजे.
माणसांचंही तसंच, असं काहीतरी म्हणणार होती बहुतेक,
पण भोंगा वाजला.

वर आले. चष्मा पुसला. लिहिलं:

तू एका बाईशी बोलतोयस.
ती आत्ताच घरी आलीय, पाय दुखताहेत.
तिला समुद्र विकू नकोस, तो तिच्या गावात आहे.
अठरा शब्दांच्या आत.
उद्गारचिन्ह आलं तर पुसून टाक.
मिरची चुकून पडली हे सांगितलंस तरी चालेल.
डबा उलटा करायची गोष्ट कुठेतरी येऊ दे.
खाली देओलिंदाची चार वाक्यं देतेय,
शब्द उचलू नकोस, श्वास कुठे घेते ते बघ.
जे ठाऊक नाही ते रचू नकोस,
विचार.

यंत्र पहिल्यांदाच घुटमळल्यासारखं वाटलं.
घुटमळलं नसेल, आमचं इंटरनेटच तसं आहे.
मग त्यानं विचारलं:
मधूनमधून म्हणजे किती दिवसांनी?

पुन्हा जिना उतरले.
आठवण येईल तेव्हा, देओलिंदा म्हणाली,
कात्री न थांबवता.

सात मजकूर आले. सहा टाकले.
सातव्यातलं अर्धं वाक्य ठेवलं,
उरलेलं अर्धं जिन्यावरून आणलेलं.
अबिलिओसाहेबांनी कागद हातभर लांब धरला.
समुद्र कुठाय?
डब्यात, मी म्हणाले.
ते हसले नाहीत. सही केली,
पण पुढच्या बाजूला लाट हवीच म्हणाले. निळी.

तर पुढे लाट आहे.
आणि तळाला, बारीक अक्षरात:
दिवा न लावता उघडलात तरी चालेल.
आठवण येईल तेव्हा मला उलटा करा.

पहिला डबा देओलिंदाच्या हातात दिला.
तिनं तो उलटा केला, डोळ्यांजवळ नेला, लांब नेला.
चष्मा घरी राहिला होता.
मी वाचून दाखवणार, तोवर तिनं
डबा तसाच, पालथा,
रांगेत ठेवूनही दिला.